अंबड भागातली १९२८ ची फोर्ड टूरर: ओळख, मालक घराण्याचे कागद आणि दुरुस्ती

गोदातीर
जालना जिल्ह्यात अंबड भागातल्या एका वाड्यात चार दारांची, कापडी टपाची फोर्ड उभी आहे. उजव्या हाताचं स्टिअरिंग, तारेच्या स्पोकची चाकं. टपाचं कापड गेलंय, कमानी शिल्लक आहेत. इंजिन हँडलने फिरत नाही. गाडी ज्यांनी घेतली त्या घराण्याकडे वतन होतं आणि कापसाची जिनिंग होती. आता वारस बरेच आहेत आणि गाडी विकायची नाही यावर सगळ्यांचं एकमत आहे. घराण्याचं नाव त्यांच्या इच्छेनुसार इथे लिहीत नाही.

घरात दोन गोष्टी सांगितल्या जातात. गाडी १९२६ ची आहे, आणि ती निजामाकडून भेट आली. कागद म्हणजे मोडीतल्या कीर्दीचे काही खंड, उर्दूतल्या पावत्यांचं एक बोचकं आणि लग्नाच्या वरातीचा एक फोटो. एकही नट खोलण्याआधी गाडीचं वय नक्की करायचं आहे. जाणकारांनी कुठून सुरुवात करायची ते सांगावं.

पाना_बारा
गोदातीर, खोलण्याआधी विचारलंत हे फार चांगलं केलंत. अशा गाड्यांचा निम्मा पुरावा पहिल्या धुलाईतच वाहून जातो.

वर्णनावरून ही मॉडेल ए वाटते. तसं असेल तर १९२६ बाद. मॉडेल ए लोकांसमोर आली २ डिसेंबर १९२७ ला. १९२६ ची फोर्ड म्हणजे मॉडेल टी. ओळखायला सोपं आहे. टी ला गिअरचा दांडाच नसतो, पायात तीन पेडल असतात आणि त्यातल्या डाव्या पेडलवर गिअर बदलतो. ए ला मधोमध तीन गिअरचा दांडा असतो आणि क्लच, ब्रेक नेहमीसारखे.

मॉडेल ए आहे हे पक्कं झालं की पुढचं बघा. १९२८-२९ च्या गाड्यांना २१ इंची चाकं (टायरवर ४.५०-२१), रेडिएटरचं कवच आणि हेडलाइट निकेलचा मुलामा दिलेले. १९३०-३१ ला १९ इंची चाकं (४.७५-१९), कवच उंच आणि स्टेनलेसचं. निकेल आणि स्टेनलेस यात गफलत करू नका. निकेल पिवळसर झाक मारतं आणि खाली गंज फुगला की त्याचे पापुद्रे सुटतात.

१९२८ आणि १९२९ वेगळे करायला डायनमो बघा. सुरुवातीच्या गाड्यांना मोठ्या डब्यासारखा जाड डायनमो होता, नंतर सडपातळ नळकांडी आली. सुरुवातीचं स्टिअरिंग चाक तांबूस रबराचं, नंतरचं काळं. १९२८ च्या शेवटापर्यंत क्लच अनेक प्लेटांचा होता, नंतर एका प्लेटचा. क्लच आत्ता बघू नका, गिअरबॉक्स उतरेल तेव्हा दिसेलच.

इंजिन नंबर ब्लॉकच्या डाव्या बाजूला, पाणी आत शिरतं त्या तोंडाच्या वरच्या सपाट पट्टीवर ठोकलेला असतो. तिथे वायर ब्रश किंवा ग्राइंडर लावायचा नाही. रॉकेलचा बोळा ठेवा, रात्रभर राहू द्या, सकाळी नायलॉनच्या ब्रशने हलक्या हाताने काढा. आकड्यांआधी ‘सीए’ असेल तर इंजिन कॅनडाच्या फोर्डचं. ब्रिटिश अमलाखालच्या मुलखाला फोर्डच्या गाड्या कॅनडाच्या कंपनीमार्फत येत, आणि १९२६ मध्ये स्थापन झालेली भारतातली फोर्ड कंपनीही त्या कॅनडा कंपनीचीच शाखा होती. म्हणून अमेरिकन नंबरांची तारीखवार कोष्टकं सीए नंबरला लावू नका, उत्तर चुकीचं येतं.

मोडीवाचक
कागदांचं माझ्याकडे घ्या. कीर्द म्हणजे रोजच्या नोंदी, खतावणी म्हणजे त्याच नोंदी खात्यावार. आधी खतावणीत ‘मोटार’ खातं आहे का ते शोधा. खातं सापडलं की त्यातल्या मित्या घेऊन कीर्दीत जा. कीर्द पहिल्यापासून वाचत बसलात तर महिने जातील.

साल फसली, म्हणजे महसुली कालगणनेचं असेल तर हैदराबाद संस्थानाच्या फसलीत ५९० मिळवा, इसवी सन येतं. वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला लागतं. म्हणजे फसली १३३८ हे ऑक्टोबर १९२८ ते ऑक्टोबर १९२९. खाजगी कीर्दीत बहुतेकदा शके आणि तिथीही असते. दोन्ही जुळवून बघा, एकावर विसंबू नका.

रक्कम कोणत्या नाण्यात आहे हे सगळ्यात आधी बघा. संस्थानात हाली शिक्का चालायचा आणि इंग्रजी रुपयाला कलदार म्हणत. १०० कलदाराला ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, म्हणजे ७ हालीला ६ कलदार. मुंबईची खरेदी कलदारात आणि घरच्या वहीतली नोंद हालीत असेल तर एकाच व्यवहाराचे दोन आकडे दिसतात. बरेच लोक याला दोन गाड्या समजतात.

आणखी एक. मुंबईहून आलेली गाडी मनमाडपर्यंत मोठ्या रुळावरून यायची. तिथून पुढे औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड हा निजामाच्या रेल्वेचा मीटर गेज मार्ग, म्हणजे मनमाडला माल उतरवून दुसऱ्या वाघिणीत चढवावा लागे. त्यामुळे पावत्यांत मनमाडच्या हमालीचा किंवा जालना स्टेशनवरून सोडवून आणल्याचा खर्च दिसायला हवा. गाडी रस्त्याने चालवत आणली असेल तर त्याऐवजी पेट्रोलच्या डब्यांची नोंद मिळेल.

गोदातीर
दोघांचेही आभार. बघून आलेली माहिती देतो.

चाकं २१ इंची. कवच निकेलचं. डायनमो जाड. स्टिअरिंग चाकाच्या वरच्या बाजूला रंग उडालाय, पण खालून तांबूस दिसतं. नंबर सीएने सुरू होतो.

खतावणीत ‘मोटार खाते’ निघालं. पहिली नोंद शके १८५०, मार्गशीर्ष शुद्ध, फसली १३३८. रक्कम हाली २,८००. त्याखाली चार दिवसांच्या अंतराने ‘जालना स्टेशन सोडवणूक, हमाली’ अशी वेगळी नोंद. पुढे दर महिन्याला ड्रायव्हरचा पगार. उर्दू पावत्यांपैकी एकीवर गाडीची ताकद २४ हॉर्सपॉवर लिहिलीय. मॉडेल ए ४० हॉर्सपॉवरची म्हणतात ना? मग ही पावती दुसऱ्या गाडीची तर नाही?

मोडीवाचक
त्या वर्षी मार्गशीर्षाचा शुद्ध पक्ष डिसेंबर १९२८ च्या दुसऱ्या पंधरवड्यात येतो. शके, फसली आणि पाना_बारा यांनी सांगितलेल्या खुणा, तिन्ही एकाच ठिकाणी येऊन मिळतात. हाली २,८०० चे कलदार बरोबर २,४००. इतकी सरळ रक्कम निघते म्हणजे मूळ व्यवहार कलदारात, मुंबईच्या भावाने झाला आणि वहीत हाली करून लिहिला, असं मी समजतो.

आणि भेट आलेल्या गाडीला कोणी २,८०० मोजत नाही.

पाना_बारा
२४ हॉर्सपॉवर ही पावती याच गाडीची. तो कराचा आकडा आहे, इंजिनाच्या खऱ्या ताकदीचा नव्हे. जुन्या ब्रिटिश सूत्रात सिलिंडरचा व्यास इंचात घेऊन त्याचा वर्ग करायचा, सिलिंडरच्या संख्येने गुणायचं आणि २.५ ने भागायचं. मॉडेल ए चा व्यास ३ पूर्णांक ७/८ इंच, सिलिंडर चार. हिशोब करून बघा, २४.०२५ येतात. खरी ताकद मिनिटाला २,२०० फेऱ्यांना ४० हॉर्सपॉवर. कागद जुना आणि अस्सल असल्याची ही चांगली खूण आहे. नंतर कोणी बनवलेल्या कागदावर हमखास ४० लिहिलेलं असतं.

टपवाला
गाडी वाड्यात म्हणजे माळवदाखाली असणार. टपाच्या कमानींवर, सीटवर, बोनटच्या खाचेत पांढरी माती साचली असेल. तिला पाणी दाखवू नका. माळवदाची माती बारीक आणि क्षारट असते. पावसाळ्यात ती ओल धरते आणि पत्रा आतून खाते. प्रेशरचं पाणी मारलं की तिचा चिखल होऊन दारांच्या तळात, मडगार्डच्या दुमडीत आणि स्प्रिंगच्या पाट्यांच्या पानांत जाऊन बसतो. मग तो कधीच निघत नाही.

कोरड्या, मऊ ब्रशने वरून खाली झाडत या, दुसऱ्या हातात व्हॅक्यूमचं नळकांडं. सीटखाली झाडताना हाताला लागेल ते सगळं वेगळ्या पिशव्यांत ठेवा आणि पिशवीवर जागा लिहा. या गाड्यांत बाजूचे पडदे गुंडाळून मागच्या सीटखाली ठेवायची पद्धत होती. त्यांची चिंधी उरली असली तरी त्यावरून शिलाईचं अंतर, बटणांची जागा, कापडाचा पोत सगळं मिळतं. फोटोही वर्तुळात काढा. एका जागेवरून सुरू करून पूर्ण फेरी, मग तीच फेरी गुडघ्याच्या उंचीवरून.

लाकडाला स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने टोचून बघा. वाळवीने पोखरलेलं लाकूड वरून शाबूत दिसतं. फळ्या आणि सीटचा सांगाडा आधी तपासा, मगच कोणाला गाडीत बसू द्या.

पाना_बारा
आता इंजिन. ओढून सुरू करायचा मोह कोणालाही होऊ देऊ नका. ट्रॅक्टरला बांधून, गिअरमध्ये टाकून ओढलेली जाम इंजिनं कनेक्टिंग रॉड वाकलेल्या अवस्थेत मिळतात.

चारही प्लग काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये सुमारे ५० मिली मिश्रण टाका: निम्मं ॲसिटोन, निम्मं ऑटोमॅटिक गिअरचं तेल. ॲसिटोन लवकर उडतं, म्हणून दर दोन दिवसांनी थोडं पुन्हा घाला. भोवती विडी-काडी नको आणि दारं उघडी ठेवा. आठवडाभराने हँडल लावून फक्त हाताच्या जोराने, पुढे-मागे दोन्हीकडे, हलकं डोलवून बघा. हँडलला पाइप जोडून जोर लावायचा नाही.

या इंजिनात व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या शेजारी उभे असतात. बंद पडलेल्या गाडीत पिस्टनपेक्षा व्हॉल्व्ह जास्त वेळा चिकटतात. पिस्टन सुटला आणि कॅम फिरला, पण व्हॉल्व्ह वरच अडकला, तर सिलिंडरला कॉम्प्रेशन येत नाही. लोक मग रिंगांना दोष देतात. म्हणून बाजूचं व्हॉल्व्ह चेंबरचं झाकण काढा, प्रत्येक व्हॉल्व्ह खाली बसतो का ते डोळ्यांनी बघा. न बसणाऱ्याला वरून हातोडी मारू नका. तेल सोडून लाकडी ठोकळ्याने दाबत राहा. मूळ व्हॉल्व्हचं खालचं टोक छत्रीसारखं पसरट असतं आणि गाईड दोन भागांचा, त्यामुळे तो वरून ओढून निघत नाही. जबरदस्ती केली की गाईडची जागा फुटते.

हेड १४ नटांवर आहे. बसवताना मधून बाहेर असा क्रम ठेवून तीन टप्प्यांत ५५ फूट-पाउंडपर्यंत आवळायचे. इंजिन गरम करून, थंड होऊ देऊन पुन्हा एकदा. हे दुसऱ्यांदा आवळणं टाळलं की गास्केट दोन सिलिंडरच्या मध्ये उडतं.

चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं, खाली उतरवल्याशिवाय नवं तेल घालून इंजिन चालवू नका. याला तेलाचा फिल्टरच नाही. जुना गाळ तळाशी चिकटलेला असतो. आजच्या डिटर्जंट तेलाने तो सुटतो आणि बेअरिंगकडे जाणाऱ्या वाटा बुजवतो. रॉडच्या टोकाचे चमचे तेल उडवतात, त्यावर खालची बेअरिंग जगतात, तेव्हा चेंबरमधली तेलाची ताटंही साफ हवीत. तेल साधारण ४.७ लिटर, साधं मिनरल २०डब्ल्यू-४० चालतं. ८०० किलोमीटरला बदला.

बेअरिंगचे शेल मिळत नाहीत, कारण ते नसतातच. व्हाइट मेटल (बेअरिंगचा मऊ मिश्रधातू) थेट रॉडमध्ये आणि ब्लॉकमध्ये ओतलेलं असतं. कॅपखाली शिम, म्हणजे पातळ पत्र्याच्या पट्ट्या असतात. झीज थोडी असेल तर एक-एक शिम काढून ढिलाई एक ते दीड थाऊवर (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आणता येते. मेटलला तडे किंवा सुटलेले तुकडे दिसले तर नवं ओतून, लाइन बोअरिंग करूनच घ्या. जुन्या ऑइल इंजिनांचं काम करणारे कारागीर हे करतात. मात्र ओतण्याआधी जागेला कथिलाचा हात दिला का, हे समोर उभं राहून बघा. कथिल नीट धरलं नाही तर मेटल काही शे किलोमीटरमध्ये सुटतं.

पाणी सुमारे साडेअकरा लिटर बसतं. आपल्याकडच्या बोअरचं जड पाणी रेडिएटरमध्ये घालू नका. चार सिलिंडरपैकी शेवटच्याभोवती पाण्याच्या जागेत गंजाचा आणि क्षाराचा थर बसतो आणि गाडी तिथेच तापते. हेड निघालेलं असेल तेव्हाच वाकवलेल्या तारेने तो खरवडून काढा.

लातूरकर७
पाना_बारा दादा, टायमिंगचं सांगा ना. डेल्कोची, म्हणजे प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची, जागा हरवली असेल तर?

पाना_बारा
या इंजिनात त्याची सोय दिलेली आहे. पुढच्या टायमिंग झाकणात एक पिन स्क्रू असते. ती काढा, उलटी करून गुळगुळीत टोक आत घाला, हलकं दाबून धरा आणि कोणालातरी हँडल सावकाश फिरवायला सांगा. कॅम गिअरच्या खळग्यात पिन टपकन बसली की पहिल्या सिलिंडरची जागा आली. हे कॉम्प्रेशनच्या फेरीतच बघायचं, पहिल्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवला की कळतं. आता स्टिअरिंगखालचा स्पार्कचा दांडा पूर्ण वर, म्हणजे ठिणगी उशिरा पडेल त्या बाजूला. रोटर पहिल्या प्लगकडे आणि पॉइंट अगदी उघडायच्या बेतात आले पाहिजेत. पॉइंटची फट १८ ते २२ थाऊ, प्लगची ३५. फायरिंग १-२-४-३. पिन पुन्हा सुलटी करून आवळायला विसरू नका.

हँडल मारताना दांडा वरच हवा. खाली राहिला तर इंजिन उलटं झटका देतं आणि मनगट मोडतं. अंगठा हँडलच्या भोवती न गुंडाळता बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवा.

वीजतार
वायरिंग ६ व्होल्टची आणि बॉडीला बॅटरीचा प्लस जोडलेला. आजचा इलेक्ट्रिशियन सवयीने मायनस बॉडीला देतो, मग ॲम्पिअरचा काटा उलटा चालतो आणि कॉइलची ठिणगी कमजोर पडते.

१२ व्होल्ट करा असा सल्ला सगळे देतील. माझा त्याला विरोध आहे. सेल्फ हळू फिरतो याचं कारण बहुतेक वेळा केबल असते. ६ व्होल्टला त्याच कामासाठी दुप्पट करंट लागतो आणि बाजारात मिळणारी कारची केबल बारीक पडते. ५० चौरस मिमीची तांब्याची केबल घ्या, अर्थिंगची पट्टी गंज घासून थेट लोखंडावर बसवा, गिअरबॉक्स ते फ्रेम अशी एक जादा अर्थिंग द्या. सेल्फ मूळ ताकदीने फिरतो.

मूळ गाडीत एकही फ्यूज नाही. शंभर वर्षांच्या कापडी वायरी आणि पेट्रोलची टाकी थेट डॅशबोर्डच्या मागे, ही जोडगोळी धोक्याची आहे. सेल्फच्या टर्मिनलवर ३० ॲम्पिअरचा एक फ्यूज बसवा. बाहेरून दिसत नाही, मूळपणाला धक्का लागत नाही. डायनमो तिसऱ्या ब्रशवर चालतो, त्याला रेग्युलेटर नसतो. तो ब्रश सरकवून चार्जिंग ८ ते १० ॲम्पिअरवर ठेवा. जास्त ठेवलं तर दिवसा बॅटरी उकळते. आणि बॅटरी काढून इंजिन कधीच चालवू नका, डायनमो जळतो.

पाना_बारा
टाकीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. टाकी म्हणजेच काचेखालचा पत्र्याचा भाग, ३८ लिटरची. पंप नाही, पेट्रोल वजनाने कार्बुरेटरकडे उतरतं. त्यामुळे सुई गळाली की पेट्रोल गळतच राहतं, आणि एक्झॉस्ट त्याच बाजूला आहे. उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत स्टिअरिंगचा खांबही त्याच बाजूला येतो, म्हणजे जागा अगदी अडचणीची. गाडी उभी केली की कॉक बंद, हा नियम घरातल्या प्रत्येकाला पाठ हवा.

जुन्या टाकीला रिकामी आहे म्हणून वेल्डिंग लावू नका. वाफ वर्षानुवर्षं राहते.

आताच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचे दोन त्रास आहेत. टाकीतल्या काट्याचा तरंगता गोळा बुचाच्या लाकडाचा असतो आणि त्यावर लाखेचा लेप असतो. इथेनॉल लाख विरघळवतं, गोळा पेट्रोल पिऊन बुडतो आणि विरघळलेली लाख जेटमध्ये जाऊन बसते. पेट्रोल चालेल असा गोळा आधीच बदलून घ्या, मूळचा डब्यात जपून ठेवा. दुसरं, मिश्रण पातळ पडतं. डॅशखालचा मिश्रणाचा दांडा नेहमी पाव फेरी उघडा ठेवतात, तो थोडा जास्त, अर्ध्या फेरीपर्यंत ठेवून प्लगचा रंग बघा. पांढरट आला तर अजून उघडा, काजळी आली तर मिटवा. महिनाभर गाडी निघणार नसेल तर टाकी आणि कार्बुरेटर दोन्ही रिकामे करा. ऑक्टेनची काळजी नको, कॉम्प्रेशन ४.२ च्या आसपास आहे, साधं पेट्रोल पुरतं.

कारभारी
ब्रेकबद्दल कोणी लिहिलं नाही. चारही चाकांना सळ्यांचे ब्रेक आहेत, तेल नाही. दोष जवळजवळ नेहमी झिजलेल्या पिनांत असतो. प्रत्येक जोडात थोडी ढिलाई, अशा सगळ्या जोडांची मिळून पेडल जमिनीला टेकतं. मग लोक सळ्या आखूड करून आवळतात. तसं केलं की दांड्यांचा कोन बिघडतो आणि जोर लागतच नाही. आधी भोकं भरून नवी पिन, मग सळीची लांबी, सगळ्यात शेवटी चाकामागचा चौकोनी डोक्याचा ॲडजस्टर. पेडलला एक इंच रिकामी चाल ठेवा. मागची चाकं पुढच्यांपेक्षा किंचित आधी धरली पाहिजेत. चारही चाकं जॅकवर घेऊन, पेडल एका लाकडी काठीने ठरावीक खाचेवर अडकवून हे जुळवता येतं.

जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ड्रम उघडला की हवेने फुंकू नका. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

टपवाला
टपाच्या कमानींना सागवान वापरू नका, हे आधीच सांगून ठेवतो. सुतार सागच सुचवेल. साग सरळ कामाला उत्तम, पण वाफेवर वाकवताना तंतू सुटतात. मूळ लाकूड ॲश. आपल्याकडे तुती चालते, हॉकीच्या काठ्या तिच्याच वाकवतात. लाकूड पूर्ण वाळलेलं नको, थोडी ओल हवी. दर इंच जाडीला सुमारे एक तास वाफ, मग लगेच साच्यावर. साचा हव्या त्या वाकापेक्षा थोडा जास्त वाकडा करा, कारण सोडल्यावर कमान जराशी परत उघडते. फरशीच्या खालच्या पट्ट्यांना जुनी बाभूळ चालते. बैलगाडीच्या चाकांसाठी मुरवलेली मिळाली तर सोनं.

मूळच्या कमानींपैकी एक जरी शाबूत असेल तर तिलाच साचा माना. कॅटलॉगवरून माप घेऊ नका.

मोडीवाचक
आता घराण्याच्या इतिहासाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण गाडीबरोबर हे कागद लागले नाहीत तर पुढच्या पिढीकडे फक्त लोखंड राहील.

‘निजामाची भेट’ ही गोष्ट मराठवाड्यातल्या बऱ्याच जुन्या गाड्यांबद्दल सांगितली जाते. ती खोटी म्हणून फेकू नका, तिच्यामागे काय असेल ते शोधा. वतनदार घराण्याकडे मुंतखब असायची. इनामाची चौकशी होऊन मिळालेला हा सरकारी दस्त, त्यात जमीन, रोख आणि वारसांची नोंद येते. मोटार त्यात येत नाही. पण संस्थानाचा शिक्का असलेला हा कागद गाडीच्या कागदांबरोबर एकाच बोचक्यात राहिला, तर दोन पिढ्यांनंतर शिक्का गाडीला चिकटणं अगदी स्वाभाविक आहे. उर्दू पावत्यांत मुंतखब आहे का हे उर्दू दस्त वाचणाऱ्याकडून पाहून घ्या.

वंशावळीसाठी तीन ठिकाणं. तहसीलमधलं १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक आणि त्यानंतरचे फेरफार, त्यात वारसनोंदी क्रमाने मिळतात. दुसरं, पैठण, नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्या. गाव, आडनाव आणि गोत्र सांगितलं की तुमच्या घरचे कोण कधी आले आणि बरोबर कोण होतं ते निघतं. गाडी घेतल्यानंतरच्या वर्षांत कोणी यात्रेला गेलं असेल तर कीर्दीतला प्रवासखर्च आणि चोपडीतली सही समोरासमोर ठेवा. तिसरं, हैदराबादचं अभिलेखागार. संस्थानकाळातल्या औरंगाबाद जिल्ह्याचा मुलकी पत्रव्यवहार तिथे सापडू शकतो. जालना तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, तो झाला १ मे १९८१ ला, म्हणून शोध औरंगाबादच्या नावाने घ्या.

मोटार खातं कुठे थांबतं तेही बघा. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग आलं. तेव्हापासून टायर-पेट्रोलच्या नोंदी विरळ होतात आणि काही ठिकाणी कोळशाची खरेदी सुरू होते. त्या काळी गाडीच्या मागे कोळशाचा गॅस प्लांट बसवायचे. फ्रेमच्या मागच्या टोकाला नंतर पाडलेली भोकं किंवा इनटेकला जोडलेला टी आकाराचा पाइप असेल तर तो काढून टाकू नका, तो इतिहासाचाच भाग आहे. मग सप्टेंबर १९४८, पोलीस ॲक्शन. त्या आगेमागे नोंदी तुटल्या तर नवल नाही. १९४९ मध्ये जहागिरी गेल्या, १९५० चा कूळ कायदा आला, १९५४ चा इनाम रद्द करणारा कायदा आला. वसुली थांबली तशी ड्रायव्हरचा पगार लिहिणं थांबलं असेल. मराठवाड्यातल्या कितीतरी गाड्या याच काळात एकतर भंगारात गेल्या नाहीतर माळवदाखाली उभ्या राहिल्या.

ड्रायव्हरचं नाव कीर्दीत असेल तर त्याच्या घरीही चौकशी करा. लायसन्स, पितळी बिल्ला, फोटो अशा वस्तू मालकाकडे कमी आणि ड्रायव्हरच्या घरात जास्त टिकतात.

गोदातीर
मोटार खात्यातली शेवटची पगाराची नोंद शके १८७१ ची आहे. ड्रायव्हरचं घराणं त्याच गावात आहे, त्यांच्याकडे विचारतो. मागच्या फ्रेमला डाव्या बाजूला चार भोकं आहेत, त्यांचा मेळ आत्ता लागला.

नोंदणीचं काय करावं? जुनं पुस्तक नाही. एक कर भरल्याची पावती आहे, त्यावर नंबर आहे.

कारभारी
शके १८७१ म्हणजे १९४९-५०. मोडीवाचक म्हणाले तोच काळ.

नोंदणीसाठी जुलै २०२१ चे केंद्रीय नियम लागू होतात. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी व्हिंटेज धरतात. नव्याने नोंदणी केली तर नंबरात ‘व्हीए’ येतं, फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पुनर्नोंदणीला ५,०००. आधीची नोंदणी सिद्ध झाली तर जुना नंबर ठेवता येतो, म्हणून ती कर पावती लॅमिनेट न करता ॲसिड-फ्री पाकिटात ठेवा. लॅमिनेशनखाली जुनी शाई पसरते आणि तपासणारा कागद हातात घेऊन बघू शकत नाही. विमा लागेल. रोजच्या वापराला परवानगी नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती यासाठीच बाहेर काढता येते. भाड्याने लग्नात देणं बसत नाही, हे सगळ्या वारसांना आधीच सांगा.

नोंदणीआधी गाडी तपासणाऱ्या समितीपुढे एक अडचण हमखास येते. चॅसिस नंबर वेगळा कुठे आहे, असं विचारतात. मॉडेल ए मध्ये इंजिनाचाच नंबर फ्रेमच्या डाव्या रेलवर वरून ठोकलेला असतो आणि तो बॉडीखाली झाकलेला असतो. दोन्ही नंबर एकच दिसले म्हणून बनावट ठरवू नये, असं आधीच लेखी द्या.

पाना_बारा
त्यात भर. बॉडी उचलणार असाल तेव्हा आधी दारांच्या जागेत आधाराच्या पट्ट्या बोल्टने बसवा. उघड्या टपाच्या बॉडीला वरून आधार नसतो, दारांच्या जागेत ती दुमडते आणि मग दारं कधीच नीट लागत नाहीत. उचलायला आठ माणसं, चारही कोपऱ्यांवर दोन-दोन. नंबर दिसला की रंग न लावता आधी त्यावर कागद ठेवून पेन्सिलने ठसा घ्या, मग पातळ ग्रीस द्या आणि मगच समितीला बोलवा.

गोदातीर
पट्ट्या कोणत्या जाडीच्या? आणि दाराच्या बिजागरीवर बसवू की कुलपाच्या बाजूला?

पाना_बारा
२५ बाय २५ चा चौकोनी पाइप, दोन मिमी जाड. एक टोक बिजागरीच्या खांबाला, दुसरं कुलपाच्या खांबाला, दाराच्या उघड्या जागेत कर्णाच्या रेषेत. मूळचीच भोकं वापरा, नवी पाडू नका. आधी दार बंद असताना दोन्ही खांबांमधलं अंतर वर, मध्ये आणि खाली मोजून लिहून ठेवा, चारही दारांचं.